डॉ. जेम्स नेस्मिथ ह्यांचे चरित्र

ज्या गृहस्थांचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवावयाचे आहे, त्यांचे नाव आपल्या खेड्यापाड्यांत फारसे कोणास ठाऊक नसेल. परंतु त्यांनी काढलेला खेळ पुष्कळांनी पाहिला असेल. शाळेच्या आवारात समोरासमोर दोन खांब पुरलेले असतात, प्रत्येकाच्या माथ्याशी एक लोखंडी कडे बसविलेले असते, त्यास जाळी लोंबत असते, आणि मुले एक मोठा चेंडू हातांनी एकमेकांकडे फेकीत शेवटी तो त्या कड्यातून खाली पाडण्याची खटपट करितात. ह्या खेळास बास्केटबॉल, म्हणजे टोपलीचा चेंडू, असे म्हणतात. जगातील बहुतेक खेळ केव्हा व कोणी काढले हे सांगता येत नाही. ह्या खेळाचे मात्र साल, गाव व कर्ता ही तिन्ही ठाऊक आहेत. साल १८९१, गाव अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड, आणि कर्ते डॉ. जेम्स नेस्मिथ. हे गृहस्थ धर्मशिक्षण घेतलेले उपदेशक होते, पुढे ते वैद्य झाले, आणि आयुष्याची शेवटची चाळीस वर्षे त्यांनी एका विश्वविद्यालयाच्या गावी काढिली. तेथे विद्यार्थ्यांस व्यायाम व खेळ शिकविणे हेच त्यांचे मुख्य काम होते. उपासनामंदिरातील व्यासपीठ सोडून खेळाच्या मैदानावर जाणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न त्यांच्या घरच्या माणसांस फार टोचत असे. त्याचे उत्तर त्यांच्या चरित्रातूनच शोधिले पाहिजे.

जेम्सचा जन्म कॅनडा देशाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात आल्मॉन्ट गावाजवळ ता. ६ नोव्हेंबर १८६१ रोजी झाला. आईबाप स्कॉटलंडातून आलेल्या घराण्यांतील, कष्टाळू व देवभीरू होते. १८६९ साली बापाने लाकूड कापण्याच्या गिरणीत काम धरिले, म्हणून हे कुटुंब ओटावा नदीतील एका बेटावर राहावयास गेले. पुढच्याच वर्षी तेथे विषमज्वराची साथ आली, आणि थोड्याच दिवसांच्या अंतराने बाप व आई दोघेही मरण पावली. त्या वेळी जेम्स नऊ वर्षांचा होता. थोरली बहीण अ‍ॅनी, जेम्स व धाकटा भाऊ रॉबर्ट ही तीन पोरकी लेकरे आजीकडे आली. परंतु दोनच वर्षांत आजीही वारली. मग अविवाहित मामा पीटर यंग ह्यांनी त्या तिघांचा सांभाळ केला.

मामा प्रेमळ खरे, पण शिस्तीचे फार कडक होते. हातून चूक झाली तर ती आपणच निस्तरावी, असा त्यांचा दंडक असे. एकदा गोठलेल्या नदीवरून घोडे नेत असता बर्फ फुटून घोडे पाण्यात गेले. मुलाने मोठ्या कष्टाने ते बाहेर काढिले, आणि मग पाहतो तो मामा झाडांच्या आड उभे राहून सर्व पाहत होते, असे सांगतात. गावातील लोहाराच्या दुकानाजवळ मुले एक खेळ खेळत. मोठ्या शिळेवर एक दगड ठेवावयाचा आणि दुरून दुसरा दगड मारून तो खाली पाडावयाचा. आपल्याकडील लगोरीशी ह्याचे थोडे साम्य आहे. जोराने दगड मारणाऱ्याचा नेम चुकला की त्याचा दगड लांब जाई व तो आणावयास धावता धावता तो पकडला जाई. जो हलक्या हाताने उंचावरून दगड सोडी, त्याचे साधत असे. ह्या खेळातील हे मर्म पुढे त्याच्या फार उपयोगी पडले.

पंधरा वर्षांच्या सुमारास जेम्सने शाळा सोडिली आणि तो रानात लाकूडतोड्यांच्या टोळीत कामास जाऊ लागला. ह्या कामात त्याची सुमारे पाच वर्षे गेली. अंगात बळ आले, पण त्याबरोबर दारूच्या गुत्त्याची ओळखही झाली. एके दिवशी गुत्त्यात पेला हाती घेतलेला असता जवळच्या एका मनुष्याने त्यास ओळखिले व त्याच्या मृत आईची आठवण दिली. तिने आपल्या मुलास ह्या ठिकाणी पाहिले असते तर तिला काय वाटले असते, हा विचार त्याच्या काळजास लागला. त्याने पेला खाली ठेविला व पुन्हा कधी दारू घेतली नाही, अशी गोष्ट सांगतात. त्यानंतर वीस वर्षांचा तो दाढीमिशी फुटलेला तरुण पुन्हा लहान मुलांच्या शाळेत जाऊन बसला. पाळक व्हावयाचे, असा त्याचा निश्चय झाला होता.

१८८३ साली तो मॉन्ट्रियल शहरातील मॅक्‌गिल विश्वविद्यालयात दाखल झाला, व तेथील पदवी घेऊन प्रेस्बिटेरियन कॉलेजात धर्मशास्त्र शिकू लागला. अभ्यासात तो हुशार होता, आणि कसरतीत व चेंडूच्या धसमुसळ्या खेळांतही पुढे असे. त्या काळी पुष्कळ धार्मिक मंडळींस असे खेळ म्हणजे सैतानाचे साधन वाटे. भावी उपदेशकाने चिखलात लोळावे व धक्काबुक्कीत सापडावे, हे सहाध्यायांस रुचत नसे. शनिवारच्या सामन्यात काळानिळा पडलेला डोळा घेऊनच रविवारी नेस्मिथ व्यासपीठावर उभे राहिले, असे एकदा झाल्याचेही सांगतात.

अशातच एक लहानशी गोष्ट घडली. एका सामन्यात शेजारी खेळणाऱ्या गड्याचा तोल गेला व त्याच्या तोंडून शिवी निघाली. लगेच तो नेस्मिथ साहेबांकडे वळला व ते जवळ आहेत हे आपण विसरलो म्हणून त्याने त्यांची क्षमा मागितली. त्यांनी तर त्या मनुष्यास शिवीगाळ करू नये म्हणून कधी एक शब्दही सांगितला नव्हता. न बोलता, केवळ सोबत खेळल्याने एका मनुष्याच्या जिभेवर लगाम पडतो, तर मग उपदेशाच्या वाटा एकाहून अधिक आहेत, असे त्यांच्या मनाने घेतले. मॉन्ट्रियल येथील वाय्. एम्. सी. ए. च्या चिटणिसांशी बोलणे झाल्यावर त्यांस असे कळले की, अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे त्या संस्थेची एक अध्यापनशाळा असून तेथे शरीर, बुद्धी व आत्मा ह्या तिहींची उन्नती एकत्र साधण्याचा प्रयत्न चालला आहे. १८९० साली धर्मशिक्षण पुरे होताच ते मंडळी शोधण्याऐवजी तिकडे गेले. बहीण अ‍ॅनी हिने ही गोष्ट त्यांस कधीच मनापासून क्षमा केली नाही, असे म्हणतात. देवास वाहिलेला मुलगा चेंडू खेळावयास गेला, एवढेच तिला दिसले.

स्प्रिंगफील्ड येथील व्यायामखात्याचे मुख्य डॉ. लूथर गुलिक हे हवाई बेटांतील एका मिशनरी घराण्यात जन्मलेले होते. १८९१ च्या हिवाळ्यात त्यांच्यापुढे एक अडचण उभी राहिली. बाहेर बर्फ पडत असल्यामुळे मैदानी खेळ बंद, आणि आत त्याच त्या कवायतीस मुले कंटाळलेली. अठरा जणांचा एक वर्ग तर इतका अनावर झाला होता की, दोन शिक्षकांनी त्यांच्यापुढे हात टेकिले होते. तो वर्ग गुलिक साहेबांनी नेस्मिथ साहेबांच्या हवाली केला व घरात खेळता येईल असा नवा खेळ शोधण्यास त्यांस चौदा दिवसांची मुदत दिली. बाहेरचे खेळ थोडे बदलून आत आणावे म्हणून त्यांनी खटपट केली; पण कोणी पडून जखमी होई, तर कोठे खिडक्यांच्या काचा फुटत. मुदत संपत आली.

तेव्हा त्यांनी शांतपणे बसून मूळ कारणाचा विचार केला. खेळात मारामारी का होते? गडी चेंडू घेऊन पळतो, म्हणून त्यास अडवून पाडावे लागते. तर मग चेंडू घेऊन पळूच नये, जेथे मिळाला तेथूनच फेकावा, असा नियम केला की पाडण्याचे कारणच उरत नाही. पुन्हा, लक्ष्य जमिनीवर असले म्हणजे तेथे चेंडू जोराने हाणिला जातो. ते डोक्याच्या वर व आडव्या तोंडाचे ठेविले तर जोर निरुपयोगी होतो, आणि लोहाराच्या दुकानाजवळच्या त्या खेळाप्रमाणे हलक्या हाताने उंच फेकणारा जिंकतो. ह्या तत्त्वांवर त्यांनी तेरा नियम लिहिले. खांद्याने ढकलणे, धरणे, पाय घालून पाडणे, मारणे ही सर्व वर्ज्य ठरविली. दोनदा नियम मोडणाऱ्यास पुढचा गोल होईपर्यंत बाहेर बसविण्याचे ठरले.

शाळेच्या पहारेकऱ्याजवळ त्यांनी दोन चौकोनी खोकी मागितली. ती नव्हती, पण पीच नावाच्या फळांच्या दोन रिकाम्या टोपल्या होत्या. त्या त्यांनी सभोवारच्या सज्जास खिळ्यांनी ठोकिल्या. तो सज्जा जमिनीपासून दहा फूट उंच होता, आणि जगात सर्वत्र ते कडे आजही दहाच फुटांवर असते. टोपल्यांस बूड असल्यामुळे चेंडू आत पडला की शिडीने चढून काढावा लागे. पहिला सामना ता. २१ डिसेंबर १८९१ रोजी झाला असे सामान्यतः धरितात. दोन्ही बाजूंस नऊ नऊ गडी होते, व साऱ्या सामन्यात एकदाच चेंडू टोपलीत पडला. आरंभीच्या खेळात मुले एकमेकांवर तुटून पडली, डोळे सुजले व एकाचा खांदाही निखळला, असे पुढे १९३९ साली रेडिओवर बोलताना त्यांनी स्वतःच सांगितले. चेंडू घेऊन पळावयाचे नाही ह्या नियमाचे महत्त्व त्यांस ह्याच अनुभवाने पुरते पटले होते. त्या वर्गातील एका विद्यार्थ्याने खेळास नेस्मिथांचेच नाव द्यावे असे सुचविले, तेव्हा त्यांनी ते हसण्यावारी नेले. मग टोपली व चेंडू ह्या दोन शब्दांवरूनच नाव पडले.

त्या अठरा जणांत गेन्झाबुरो इशिकावा नावाचा एक जपानी विद्यार्थीही होता. अशा विद्यार्थ्यांबरोबर व वाय्. एम्. सी. ए. च्या सेवकांबरोबर हा खेळ थोड्याच वर्षांत देशोदेशी पोहोचला. स्प्रिंगफील्ड येथेच शिकलेले हॅरी बक ह्यांनी १९२० साली मद्रास येथे शारीरिक शिक्षणाचे कॉलेज काढिले, व तेथे तयार झालेले शिक्षक हिंदुस्थानभर पसरले. आपल्या मुंबईत अमेरिकन मराठी मिशनने नागपाडा वस्तीत जे नेबरहुड हाऊस उभारिले, त्या वस्तीतील गरीब मुलांनी तर ह्या खेळात मोठे नाव मिळविले. हा सर्व प्रसार होत असता मूळ कर्त्याने मात्र खेळाचा हक्क राखून ठेविला नाही, की त्याबद्दल कोणाकडे एक पैसा मागितला नाही.

१८९४ साली नेस्मिथ साहेबांचा विवाह मॉड शर्मन ह्या बाईंशी झाला. त्यांस पुढे पाच मुले झाली. १८९५ साली ते डेन्व्हर शहरी वाय्. एम्. सी. ए. मध्ये गेले, व दिवसा नोकरी सांभाळून त्यांनी वैद्यकीचा अभ्यास केला. १८९८ साली त्यांस वैद्यकीची पदवी मिळाली. त्याच वर्षी कॅन्सस विश्वविद्यालयास असा मनुष्य हवा होता की, जो विद्यार्थ्यांस व्यायाम शिकवील आणि रोजची सामुदायिक प्रार्थनाही चालवील. उपदेशक, वैद्य, कसरतपटू व निर्व्यसनी असे चारही गुण एकाच ठिकाणी सापडल्यामुळे डॉ. नेस्मिथ ह्यांची नेमणूक झाली, व ते लॉरेन्स ह्या गावी येऊन राहिले.

तेथे त्यांनी बास्केटबॉलचा संघ उभा केला व ते त्याचे पहिले प्रशिक्षक झाले. ता. ३ फेब्रुवारी १८९९ रोजी पहिला सामना झाला, त्यात संघ १६ विरुद्ध ५ गुणांनी हरला. १९०७ सालापर्यंत, म्हणजे नऊ हंगाम, संघ त्यांच्याकडे होता. त्यात ५५ सामने जिंकिले व ६० हरले. त्या विश्वविद्यालयाचा पुरुषांचा संघ पुढे जगप्रसिद्ध झाला, व त्यास अनेक नामांकित प्रशिक्षक लाभले. त्या सर्वांत जिंकिलेल्यांपेक्षा हरलेले सामने अधिक असलेला प्रशिक्षक एकच, आणि तो म्हणजे खुद्द खेळाचा जनक. वाचकांस ह्याचे नवल वाटेल. परंतु सामना जिंकण्याकरिता मुले तयार करणे हे आपले काम आहे असे त्यांस कधी वाटलेच नाही. पुष्कळदा आपल्याच संघाच्या सामन्यात ते पंच होऊन उभे राहत. शरीर कमावण्यास बास्केटबॉलपेक्षा कुस्ती बरी, असेही ते मोकळेपणाने म्हणत.

त्यांच्या हाताखाली खेळलेला एक तरुण फॉरेस्ट अ‍ॅलन हा होता. एका कॉलेजाने त्यास बास्केटबॉल शिकविण्यास बोलाविले, तेव्हा डॉ. नेस्मिथ ह्यांस हसू आले. हा खेळ शिकवावयाचा कसला, तो नुसता खेळावयाचा, असे त्यांनी त्यास सांगितले. शिष्याने गुरूचे ऐकिले नाही. १९०७ साली तोच कॅन्सस येथे त्यांच्या जागी आला. दोन वर्षांनी जाऊन पुन्हा १९१९ पासून १९५६ पर्यंत तेथे राहिला, त्याने तेथे ५९० सामने जिंकिले, व १९५२ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. अ‍ॅलन ह्यांच्या हाताखालून अ‍ॅडॉल्फ रप व डीन स्मिथ हे दोन प्रशिक्षक निघाले, व त्या प्रत्येकाने आठशेहून अधिक सामने जिंकिले. मुळाशी साठ पराभवांचा हिशेब असलेला मनुष्य, आणि त्याच्या शाखांवर विजयांची एवढी फळे, असा हा वंशवृक्ष आहे.

१९१६ साली, म्हणजे वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांस प्रेस्बिटेरियन मंडळीत पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी कॅन्ससच्या पलटणीबरोबर ते मेक्सिकोच्या सरहद्दीवर सैनिकांचे पाळक म्हणून गेले. पुढे पहिल्या महायुद्धात ते वाय्. एम्. सी. ए. तर्फे फ्रान्स देशात सुमारे दीड वर्ष होते. घरापासून दूर, मृत्यूच्या तोंडी असलेल्या तरुणांस दारू व दुराचार ह्यांपासून वाचवावयाचे, तर त्यांस प्रार्थनेबरोबर निर्मळ खेळही पाहिजेत, ही गोष्ट त्यांनी तेथे करून दाखविली.

त्यांच्या म्हातारपणची एक हकीकत विशेष सांगण्याजोगी आहे. १९३३ साली जॉन मॅक्लेन्डन नावाचा एक काळा विद्यार्थी कॅन्सस येथे आला. बापाने त्यास सांगितले होते की, तेथे डॉ. नेस्मिथ आहेत, त्यांसच तू आपले मार्गदर्शक कर. मुलगा सरळ त्यांच्या खोलीत गेला व तसे सांगून उभा राहिला, आणि त्यांनी त्यास आपलासा केला. त्या विश्वविद्यालयाच्या संघात काळ्या मुलांस तेव्हा घेत नसत. पोहण्याच्या तलावातही त्यांस मज्जाव होता. मॅक्लेन्डन त्यात उतरला, तेव्हा मागाहून तलावातील पाणी काढून टाकिले गेले. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर काय घडले हे ज्यांस ठाऊक आहे, अशा आपल्या वाचकांस ह्या गोष्टीचे मर्म वेगळे समजावून सांगावयास नको. तो मुलगा हटला नाही, डॉ. नेस्मिथ ह्यांनी त्याची पाठ राखिली, आणि शेवटी तलाव सर्वांस खुला झाला. संघात खेळावयास मिळाले नाही, तरी शिकवावे कसे हे मॅक्लेन्डन त्यांच्यापाशी शिकला. १९३६ साली तो पदवीधर झाला, व पुढे टेनेसी प्रांतातील एका कॉलेजाचा प्रशिक्षक होऊन त्याच्या संघाने १९५७, १९५८ व १९५९ अशी लागोपाठ तीन वर्षे एका राष्ट्रीय स्पर्धेत विजय मिळविला. ज्यास संघाचे दार बंद होते, तो स्वतः संघ घडविणारा झाला.

१९३६ साली बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांत बास्केटबॉलचा प्रथम समावेश झाला. म्हाताऱ्या डॉक्टरांजवळ एवढ्या प्रवासास पैसा नव्हता. तेव्हा अमेरिकेतील प्रशिक्षकांनी वर्गणी जमवून त्यांस पाठविले. वीसहून अधिक राष्ट्रांचे संघ तेथे आले होते, त्यांत जपान व चीन हेही होते. अंतिम सामना भर पावसात, मातीच्या उघड्या मैदानावर चिखल तुडवीत झाला. त्यात अमेरिकेने कॅनडास १९ विरुद्ध ८ गुणांनी जिंकिले. एक त्यांची जन्मभूमी व दुसरी कर्मभूमी. विजेत्यांस पदके देण्याचा मान त्यांसच मिळाला.

१९३७ साली ते कामातून निवृत्त झाले, व त्याच वर्षी त्यांची पत्नी वारली. १९३९ च्या उन्हाळ्यात त्यांनी पुन्हा विवाह केला, परंतु ता. २८ नोव्हेंबर १९३९ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, मेंदूत रक्तस्राव होऊन लॉरेन्स येथेच त्यांचा अंत झाला. ते धनवान कधीच नव्हते. पुढे स्प्रिंगफील्ड येथे त्यांच्या नावाचे स्मारकमंदिर झाले. ते तेरा नियम ज्या दोन कागदांवर टाइप केलेले होते, ते २०१० साली न्यूयॉर्क येथे लिलावात त्रेचाळीस लाखांहून अधिक डॉलरांस विकले गेले. कॅन्ससच्याच एका माजी विद्यार्थ्याने ते विकत घेऊन आपल्या विश्वविद्यालयास दिले.

वाचकहो, बहिणीचे दुःख खोटे नव्हते. तिने ज्या व्यासपीठाची वाट पाहिली, त्यावर तिचा भाऊ कायमचा उभा राहिला नाही. परंतु शिवी देणारा तो गडी, सरहद्दीवरील शिपाई, आणि पाण्यापासून हटविलेला तो काळा विद्यार्थी, ही माणसे एरवी रविवारी त्या व्यासपीठासमोर येऊन बसली असती, असे कोण म्हणेल? ती जेथे होती, तेथे नेस्मिथ गेले. आपल्यांतील जे शिक्षक व उपदेशक वर्षाच्या शेवटी आपल्या कामाचे आकडे मांडून खिन्न होतात, त्यांनी पंचावन्न जय व साठ पराजय हा हिशेब आठवावा, आणि त्याच पानावर न मांडलेली ही माणसेही मोजून पाहावी.